भरलेली टाकी

हॉबर्ट सेक्स्टनने बोटीतल्या आमिषाच्या गोल टाकीचं झाकण उचललं आणि रिकामी बादली हातात धरून तो तसाच उभा राहिला. टाकी काठोकाठ भरलेली होती.

"भरलीय की ही," तो म्हणाला.

पिकअपला टेकून, हात खिशात घालून त्याची मुलगी ट्वायला उभी होती. नुकतं उजाडू लागलं होतं. धरणाच्या पाण्यावर धुक्याची पातळ साय होती, आणि धक्क्यावरच्या दिव्यात तिला वडिलांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो आठवायचा प्रयत्न करत होता. ओठ किंचित उघडे, नजर जवळच कुठेतरी अडकलेली. हिवाळ्यापासून हा चेहरा तिच्या ओळखीचा झाला होता.

टाकी तिने भरली होती. काल जेवणानंतर हॉबर्ट टीव्हीवर बेसबॉल बघता बघता खुर्चीतच पेंगला, तेव्हा तिने अंगणातल्या नळाला पाइप लावला, टाकी भरली, दोन ओंजळी खडेमीठ टाकलं आणि पाइप पुन्हा भिंतीवर अडकवला. लहानपणी हे तिचंच काम असायचं. मासेमारीच्या आदल्या संध्याकाळी टाकी ट्वायलाने भरायची आणि गळाच्या काठ्या तिच्या भावाने, गार्लंडने पुसायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने पहाटेच्या थंडीत वाकून वाकून बादल्या कशाला ओढायच्या, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

पण आता ते सांगायची सोय नव्हती. फेब्रुवारीत हॉबर्ट एकटाच तळ्यावर गेला आणि परत आला नाही. भलत्याच फाट्यात, इंधन संपलेल्या बोटीत, गारठून बसलेला सापडला. आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं. गार्लंड तेव्हाच बोट विकायला निघाला होता. ट्वायलाने भावाशी भांडून एक दिवस मागून घेतला होता. एप्रिलमधला एक दिवस, आमिष पकडण्यापासून बोट परत ट्रेलरवर चढवण्यापर्यंत सगळं डॅडी स्वतः करतील. ती फक्त बसून राहील, हात लावणार नाही, आठवण करून देणार नाही. जमलं तर बोट राहील. नाही जमलं तर किल्ली तिच्याकडे येईल. हॉबर्टला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "चालेल. परीक्षा घ्यायला आलीस तर डबा तुझा तू आण."

"म्हणजे काल मीच भरून ठेवली असणार," हॉबर्ट आता म्हणाला. मग त्याचा चेहरा सैल झाला. "बरं झालं. तेवढंच काम वाचलं."

त्याने बादली खाली ठेवली.

"हो ना," ट्वायला म्हणाली.

धक्क्यावरच्या दुकानातून डॉइल कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. फेब्रुवारीत हॉबर्टची बोट दोर बांधून ओढत आणली होती ती त्यानेच.

"ट्वायला, बापाला दुपारपर्यंत परत आण गं. मला पुन्हा दोर घेऊन हिंडायला लावू नका. गुडघे दुखतात माझे."

"गुडघ्यांचा काय दोष, डॉइल? त्यांच्यावर काय लादलंयस ते बघ की आधी," हॉबर्ट म्हणाला.

डॉइल खूश होऊन हसला. ट्वायलाही हसली. गेल्या वेळी ती आली होती तेव्हा वडिलांनी दिवसभरात कुणाला एकही टोमणा मारला नव्हता.

हॉबर्टने पिकअप मागे घेऊन बोट पाण्यात उतरवली. धक्क्याच्या दिव्याखाली शॅडचा, आमिषाच्या बारीक माशांचा थवा फिरत होता. हॉबर्टने पाग उचलला, घडी करून अर्धा खांद्यावर घेतला, शिसं ओवलेली कड दातांत धरली आणि कमरेतून वळला. जाळं हवेत गोल उघडलं, पाण्यावर एकदमच पडलं आणि बुडालं. ट्वायला श्वास रोखून बघत होती. शरीर काहीच विसरलं नव्हतं. त्याने दोर ओढला तेव्हा जाळ्यात तळहाताएवढे चंदेरी मासे थरथरत होते. ते त्याने टाकीत सोडले आणि लगेच सगळे एकाच दिशेने फिरू लागले.

"टाकी गोल का असते?" त्याने विचारलं.

"माहीत आहे, डॅडी."

"सांग मग."

"चौकोनी असली तर कोपऱ्यात जाऊन अडकतात. एकमेकांवर चढतात आणि मरतात. गोल असली की त्यांना वाटतं आपण पुढे चाललोय."

"परीक्षा मीही घेऊ शकतो," हॉबर्ट म्हणाला आणि झाकण लावलं.

त्याने खिशातून किल्ली काढली. पाण्यात पडली तरी तरंगावी म्हणून तिला बाटलीचं बूच बांधलेलं होतं. इंजिन एका फिरकीत सुरू झालं. बोट निघाली. दोन्ही काठांच्या टेकड्यांवर अजून पानं नव्हती, फक्त डॉगवुडची पांढरी फुलं अंधारातून एकेक करून वर येत होती. डॉगवुड फुलला की पट्टेरी बास मासा नदीकडे निघतो, हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं.

नदी तळ्याला मिळते त्याच्या थोडं अलीकडे पाण्याला दोन फाटे फुटतात. हॉबर्टने इंजिन मंद केलं. बोट आपल्याच लाटेवर हलत राहिली. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सुकाणूवर त्याचं एक बोट वाजू लागलं. ट्वायलाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डाव्या फाट्यातच तो फेब्रुवारीत सापडला होता. बराच वेळ गेला. पाणकावळा एका ओंडक्यावरून उडाला आणि दुसऱ्यावर जाऊन बसला.

हॉबर्टने सुकाणू उजवीकडे वळवलं.

ट्वायलाने हात मोकळे केले. बोटं बधिर झाली होती.

वर नदीच्या तोंडाशी पाणी गार आणि किंचित गढूळ होतं. मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळापासून काही हात वर जाड कमानी उमटू लागल्या. एक, मग तीन, मग मोजता येणार नाहीत इतक्या. समोर कुठेतरी एक मोठी शेपटी पाण्यावर आपटली.

"आलेत," हॉबर्ट हळू आवाजात म्हणाला. "दर वर्षी येतात. अंडी घालायला. आणि अंड्यांना लागतं वाहतं पाणी, दोन दिवस तरी. इथून वाहत निघाली की थोड्याच अंतरावर तळं. तिथे पाणी उभं. अंडी तळाला जातात, गाळात. संपलं. सरकारी टँकरमधून पिल्लं आणून सोडतात म्हणून इथे मासा आहे, नाहीतर एकही राहिला नसता."

"मग येतात कशाला?"

"धरण बांधलंय हे त्यांना कुणी सांगितलंय?"

तो हे तिला लहानपणापासून सांगत आला होता, याच शब्दांत, आणि दर वेळी ती हाच प्रश्न विचारायची. आज एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. गार्लंडला फोनवर काय सांगायचं ते ती मनातल्या मनात जुळवू लागली. फाटा चुकले नाहीत. पाग तर असा टाकला की तू बघायला हवा होतास. या उन्हाळ्यापुरती तरी राहू दे बोट.

हॉबर्टने चार काठ्या मांडल्या, गळ तपासले, आणि टाकीचं झाकण उघडलं.

ट्वायलाने मान वळवली.

शॅड फिरत नव्हते. काही पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा गिळत होते. काही आडवे झाले होते, आणि टाकीतल्या पंपाच्या प्रवाहात त्यांची पांढरी पोटं सावकाश गोल गोल जात होती. हॉबर्टने एक उचलला. तो त्याच्या हातात एकदा थरथरला आणि लुळा पडला. पंप चालू होता. हॉबर्टने पंपाची नळी बघितली, पाण्यात हात घालून गारवा बघितला. मग ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

त्याने ओंजळ सोडून दिली आणि हात पँटला पुसले.

"नळाचं पाणी आहे," तो म्हणाला.

"पण आपण नळाचंच भरायचो, डॅडी. कायम."

"तेव्हा नळाला विहिरीचं पाणी होतं. आता गावाची पाइपलाइन आलीय. औषध असतं त्यात. माणसाला चालतं, यांचे कल्ले जाळतं."

ट्वायलाने तोंड उघडलं. त्याच क्षणी तिला धक्क्यावरची ती बादली आठवली. रिकामी बादली हातात धरून तो टाकीपाशी उभा होता. तळ्याचं पाणी भरण्यासाठी. तो काहीच विसरला नव्हता.

हॉबर्ट तिच्याकडे बघत होता. ती नजर अडकलेली नव्हती. शांत होती, पूर्ण जागी, आणि तिच्यावर बराच वेळ थांबली.

"मीच भरलं असणार," तो म्हणाला. "टीव्ही बघत होतो, मध्येच उठलो असेन. काही आठवत नाही."

टाकी मी भरली, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते तिच्या जिभेवर आलेलं होतं. त्याच्याबरोबर दुसरंही सगळं आलं: फेब्रुवारीतला डॉइलचा फोन, अंधारात गाडी चालवत काढलेले ते दोनशे मैल, दवाखान्यातल्या पलंगावर निळे पडलेले वडिलांचे हात. आज तो फाटा चुकला नव्हता. पण मघाशी किती वेळ ते बोट सुकाणूवर वाजत राहिलं होतं. पुढच्या वेळी ती शेजारी नसेल.

बोटीखालून कमानी जात राहिल्या. पुन्हा एक शेपटी आपटली, या वेळी इतक्या जवळ की पाण्याचे थेंब ट्वायलाच्या बाहीवर आले.

"मेलेलं आमिष लावून बघायचं?" तिने विचारलं.

"तसा धंदा मी कधी केला नाही."

हॉबर्टने काठ्या एकेक करून परत आत घेतल्या. गळ दोऱ्याच्या कडीत अडकवले. मग तो सुकाणूमागच्या खुर्चीतून उठला, बोट हलली म्हणून तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. ती जागा आईची होती.

"चालव," तो म्हणाला. "तुला येतं."

ट्वायला उठली आणि त्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती. परत येताना तो पाठमोरा बसून राहिला, टोपीची कड वाऱ्यात धरून. वाटेत भेटलेल्या दोन बोटींना त्याने हात केला. त्यांनीही केला, आणि मग सुकाणूवर कोण आहे ते बघून जरा जास्त वेळ बघत राहिले.

धक्क्यावर डॉइल वाटच बघत होता. "एवढ्यात? माशांनी भरलीय म्हणतात नदी आज. काय मिळालं?"

"मी टाकीत नळाचं पाणी भरलं," हॉबर्ट म्हणाला. आवाज खणखणीत होता. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दोघांनाही ऐकू गेला.

डॉइलने मगातली उरलेली कॉफी पाण्यात ओतली. "होतं तसं," तो म्हणाला. "माझंही एकदा झालं होतं." त्याचं कधीच झालं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो वाकला आणि न सांगता त्याने बोटीचा दोर धरला.

ट्वायलाने इंजिन बंद केलं, किल्ली काढली. बूच तिने मुठीत घट्ट धरलं.

घरी आल्यावर अंगणात हॉबर्टने टाकीच्या तळाचं बूच काढलं. पाणी गवतातून वाहत विहिरीच्या काँक्रीटच्या झाकणापर्यंत गेलं आणि त्याच्या कडेने दोन्हीकडे फुटलं. मेलेले शॅड त्याने फावड्याने गोळा करून टोमॅटोसाठी उकरलेल्या वाफ्यात पुरले. मग पाग खांबावर टांगला, भिंतीवरचा पाइप काढला आणि जाळं धुऊ लागला. कड्यांतून शेवाळ सुटून खाली पडत होतं.

ट्वायला पायरीवर उभी होती. खिशातला फोन दोनदा वाजून थांबला. गार्लंड असणार. ती खाली उतरून वडिलांपर्यंत गेली.

"डॅडी, ती टाकी—"

"विहीर बंद केली तेव्हा तू इथे नव्हतीस," हॉबर्ट म्हणाला. त्याने मान वळवली नाही. "तुला कोण सांगणार होतं."

पाइपातून पाणी येत राहिलं. ट्वायलाला आता त्याचा वास येत होता, पोहण्याच्या तलावासारखा, उघड. काल संध्याकाळी तो आला कसा नाही, ते तिला कळेना.

तिने मूठ उघडली आणि किल्ली पुढे केली. तिच्या तळहातावर किल्लीचे वळ उठले होते.

हॉबर्टने किल्लीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुन्हा जाळ्यात घातले, मनगटांपर्यंत.

"हात ओले आहेत माझे," तो म्हणाला. "राहू दे तुझ्याकडे."