बाकावरची खिडकी

"सरका जरा," काचवाला म्हणाला आणि चपला काढून आरोपीच्या बाकावर चढला.

फौजदार सरकला. इतक्या तारखा दोघं एकाच खोलीत बसत आले होते, पण काचवाला त्याच्याशी आज पहिल्यांदाच बोलला. आपल्या मुलाचा जीव घेणाऱ्या माणसाला आधी काय सुनावायचं याची त्याने मनातल्या मनात किती जुळवाजुळव केली होती! त्यात 'सरका जरा' कुठेच नव्हतं.

बाकामागच्या उंच खिडकीत फुटक्या काचेचे तुकडे दातांसारखे उरले होते. हाताला फडकं गुंडाळून तो ते एकेक उपटू लागला. खालच्या रस्त्यावरून आवाज सरळ आत येत होता. फाशी द्या, फाशी द्या. दगड अजून न्यायाधीशांच्या टेबलाखाली पडलेला होता. पंचनामा व्हायचा म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं. काचवाल्याचा पोरगा चौकीत मेला तेव्हा तिथली फरशी डॉक्टर यायच्या आत पुसून लख्ख झाली होती, आणि दगडाचा मात्र पंचनामा! ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जायची.

सकाळी दगड आला तेव्हा साफसफाईवाल्या बाई नुकत्याच साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. पोराला चौकीत आणलं त्या वेळी तिथे झाडूपोछा करत होत्या त्या एवढ्याच. बाकी सगळे फौजदाराच्या हाताखालचे, आणि त्यांना कुणाला काही दिसलंच नव्हतं. चक्कर येऊन पडला म्हणे. धडधाकट, बावीस वर्षांचा, दोन हातांवर आरसा तोलत जिना चढणारा पोरगा, चक्कर येऊन पडला! बाई याआधी दोनदा येऊन परत गेल्या होत्या. एकदा आरोपीच्या वकिलाचं पोट बिघडलं होतं, एकदा कागद सापडत नव्हते. आज त्यांनी सरकारी वकीलबाईंना बजावलं होतं, "काय ते आजच विचारा. उद्या मी मुलीकडे जाते कायमची. जावई म्हणतो, परत कोर्टाची पायरी चढायची असेल तर आमची चढू नका."

आणि बाईंनी शपथ घ्यायला तोंड उघडलं, तोच खिडकी फुटली.

आरोपीच्या वकिलाला तर आनंद लपवता लपवेना. गावातलं वातावरण तापलंय, माझ्या अशिलाच्या जिवाला धोका आहे, खटला दुसऱ्या शहरात पाठवा आणि तोवर कामकाज थांबवा, असा अर्ज त्याने उभ्या उभ्या लिहून दिला.

"अर्जाचं नंतर बघू," न्यायाधीश म्हणाले. "पण या गलक्यात साक्ष ऐकू येत नाही, हे खरं आहे. जे ऐकूच येत नाही, ते मी नोंदवू कसं?"

दुसरी खोली रिकामी नव्हती. बाहेरच्या लोकांना पोलिसांकरवी हटवावं, तर पोलिसांच्याच खटल्यात पोलिसांची काठी चालली असती. काच बदलायला इमारत खात्याला आठ दिवस लागणार होते. वकीलबाईंनी हात टेकले. तेव्हा मागच्या रांगेतून तो उठला होता.

"साहेब, मी काचवाला आहे. दुकान मागच्याच गल्लीत आहे. तासाभराचं काम."

"साहेब, हे मयताचे वडील आहेत!" आरोपीचा वकील उसळून म्हणाला.

"ठाऊक आहे मला," न्यायाधीश म्हणाले. "मला आत्ता काचवाला हवा आहे."

चौकट साफ करून, माप घेऊन तो काच आणायला खाली उतरला. फाटकाशीच त्याची थोरली मुलगी भेटली. घोषणा देऊन देऊन तिचा घसा बसला होता.

"उठलं कोर्ट? काय झालं?"

"काही नाही. काच बसवायची आहे."

"कोण बसवतंय?"

"मी."

ती बघतच राहिली.

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांची खिडकी तुम्ही नीट करणार? ज्यांनी त्याला मारलं त्यांना ऊन लागू नये, वारा लागू नये म्हणून?"

"बाई उद्या चालल्या. आज बोलल्या नाहीत तर संपलं सगळं."

"आणि बोलून काय दिवे लागणार आहेत? सगळे आतून एक आहेत. आपण ओरडतोय म्हणून निदान नाव तरी निघतंय त्याचं. गप्प बसलो असतो तर कधीच फाईल बांधून ठेवली असती."

त्यात खोटं काय होतं? ओरडल्याशिवाय गुन्हासुद्धा नोंदवला नव्हता कुणी.

"दगड कुणी मारला?"

"मी मारला." तिने हनुवटी वर केली. "परत मारीन."

त्याचा हात शिवशिवला. पण त्या हनुवटीत धाकटा दिसला आणि हात जागच्या जागी राहिला.

"नेम चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "फौजदाराच्या वकिलाच्या चांगला पथ्यावर पडला."

तो पुढे निघाला तसा मागून कुणीतरी ओरडलं, "काका, किती मिळाले?" एरवी त्याने त्याचं बखोट धरलं असतं. आज वेळ नव्हता.

दुकानात त्याने हिरकणीने काच कापली, कडा घासल्या, लाकडी पट्ट्या मोजून घेतल्या. ही दोन्ही पोरं लहानपणी इथेच खेळायची. धाकट्याला उभ्या काचेवर दोन्ही पंजे टेकवून पलीकडे बघायची खोड होती. "काचेला हात लावू नकोस रे!" म्हणून तो दिवसातून दहादा खेकसायचा. काचेवर बोटाचा एवढासा डाग राहिला तरी त्याला काम पुरं झाल्यासारखं वाटत नसे. गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं व्हायचं आणि हा आपला पुसतच असायचा.

कोर्टाचा पट्टेवाला दुसऱ्या बाजूने काच धरायला आला होता. "माझी कंबर आधीच कामातून गेलीय," असं बडबडत का होईना, त्याने ती उचलली. काच बघून गर्दीने वाट दिली. शिव्या मात्र थांबल्या नाहीत.

वर आल्यावर त्याने चौकटीला लांबीचा तेलकट लगदा थापला, त्याच्यावर काच टेकवली, आणि आतल्या बाजूने खालची पट्टी ठोकली. बारीक खिळ्यांची एक ओळ झाली. बाजूच्या दोन आणि वरची एक, अशा तीन पट्ट्या राहिल्या असतानाच न्यायाधीश आत आले. तास कधीच उलटून गेला होता.

"आता ठोकाठोक बंद. साक्ष सुरू करू."

"साहेब, काच सुटी आहे. धरून ठेवावी लागेल."

"मग धरा," न्यायाधीश म्हणाले.

पट्टेवाल्याने हातोडी मागून घेतली. त्याने दिली. फौजदार आपल्या जागेवर येऊन बसला. जागा तीच, खिडकीखालची. काचवाला त्याच बाकावर अनवाणी उभा होता, दोन्ही पंजे काचेवर दाबून, तोंड बाहेर, पाठ कोर्टाकडे. त्याच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर फौजदाराची मांडी होती. कडक इस्त्रीची.

बाहेरचा आवाज बुजला होता. खाली नुसती तोंडं उघडत मिटत होती. आणि मागे, इतक्या तारखांत पहिल्यांदाच, बाईंचा बारीक आवाज स्वच्छ ऐकू आला.

"मी मागच्या खोलीत बादली भरत होते. दार अर्धं लोटलेलं होतं. पोरगा जमिनीवर पालथा होता. त्याच्या पाठीवर गुडघा दाबला होता."

"तो काही बोलत होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"हो. 'साहेब, दम कोंडतोय, हात सोडा, मी पळत नाही,' असं म्हणत होता. आणि 'माझ्या बाबांना फोन लावा,' म्हणाला. 'ते लगेच येतील.'"

फोन आला नव्हता. तेव्हा तो दुकानात बसून एका सलूनचा आरसा कापत होता. फोन समोरच होता, टेबलावर, आणि तो वाजला नव्हता. लगेच आला असता तो. टेबल, आरसा, सगळं लाथाडून आला असता.

कान झाकून घ्यावेत असं वाटलं, पण हात काचेवर होते. क्षणभर पंजांचा दाब सैल पडला, आणि काच चौकटीत कुरकुरली.

फौजदाराने मान वर केली. आधी काचेकडे बघितलं, मग न ठोकलेल्या पट्ट्यांकडे, आणि मग काचवाल्याकडे. त्याला समजलं. वरून सुटली असती तर ती जड काच सरळ त्याच्या मानेवर आली असती. नुकतीच हजामत केलेली, गोरी, जाड मान. उठायची सोय नव्हती, बाई बोलत होत्या. वकील कागदात तोंड घालून बसला होता. फौजदाराने नुसते खांदे आखडून घेतले.

दोनच हात काढायचे होते. अपघात म्हणता आला असता. मेल्या, माझा पोरगा हात सोडा म्हणत होता, तेव्हा का नाही सोडलेस? आता मी सोडू का? सोडू? त्याचे दात एकमेकांवर असे आवळले गेले की कानशिलं ठणकू लागली. त्याने पंजे आणखी जोराने काचेवर दाबले.

खाली थोरली त्याच्याकडे बघत होती. एकटीचंच तोंड मिटलेलं होतं. तिच्या शेजारच्याने वाकून काहीतरी उचललं आणि हात मागे नेला. तिने त्याचं मनगट पकडलं. झटापट झाली. मग ती पाठ फिरवून, दोन्ही हात पसरून सगळ्यांच्या समोर उभी राहिली आणि काहीतरी ओरडली. काय ते त्याला ऐकू आलं नाही. पण हळूहळू एकेक तोंड मिटत गेलं.

मागे आता आरोपीचा वकील उभा राहिला होता.

"गुडघा पाहिलात म्हणता. गुडघ्यावरचा माणूस पाहिलात?"

"दार आड येत होतं. तोंड दिसलं नाही."

"म्हणजे तो कोण होता, हे तुम्ही पाहिलेलं नाही."

"तोंड पाहिलं नाही."

म्हणा की पाहिलं म्हणून! काचवाल्याच्या ओठांवर आलं. एवढं म्हणायला काय जातं तुमचं? त्यांच्या झाडून सगळ्या लोकांनी शपथेवर खोटं बोलून झालंय, तुम्ही एकट्या कुठे हरिश्चंद्र लागून गेलात! पण बाई पुढे काही बोलल्या नाहीत. वकील खुशीत खाली बसला.

"एक मिनिट," न्यायाधीश म्हणाले. "तोंड दिसलं नाही, तर ते फौजदार होते असं तुम्ही आधीच्या जबाबात कशावरून म्हणालात?"

"बाकीचे हात जोडत होते ना. 'साहेब, बस करा. साहेब, मरेल तो.' चौकीत साहेब एकच होते."



"हरकत आहे, साहेब! हे ऐकीव आहे."

"हरकत नोंदवा," न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं. "आणि उत्तर शब्दाला शब्द नोंदवा. मग काय झालं, बाई?"

"मग मला बोलावलं आणि फरशी पुसायला लावली."

न्यायाधीश एकेक शब्द सावकाश सांगत होते आणि तो टंकयंत्रावर टकटक उमटत होता. साहेब, बस करा. टकटक. साहेब, मरेल तो. टकटक. काचवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

साक्ष संपली. बाईंनी सही केली. पुढची तारीख पडली. वकिलाने जाता जाता अर्जात आणखी एक मुद्दा घातला, मयताच्या वडिलांनी खिडकीतून जमावाला खुणा केल्या. न्यायाधीश म्हणाले, "ठेवा. बघू." म्हणजे अर्ज अजून जिवंतच होता. उद्या हेच सगळं शंभर कोसांवर न्यायचे आणि पुन्हा पोट बिघडवून घ्यायचे. पण बाईंचं बोलणं आता कागदावर होतं, ते कुणाच्या बापाला पुसता येणार नव्हतं.

खोली रिकामी झाल्यावर पट्टेवाल्याने हातोडी परत आणून दिली. दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. त्याने उरलेल्या तीन पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक खिळ्याला लागतो त्याहून एक घाव जास्तच बसला.

मग त्याने पिशवीतून फडकं काढलं. काचेच्या मधोमध, लांबीच्या तेलाने माखलेले, दोन पंजे उमटले होते. बोटं पसरलेली, अगदी रेषा न् रेषा दिसत होती. तो बघत राहिला. फडक्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिलं.

खाली गर्दी पांगली होती. थोरली फाटकाशी एकटीच थांबली होती. दोघं चालू लागली. कोपऱ्यावर तिने मागे वळून वर बघितलं. खिडकीवर ऊन आलं होतं.

"बाबा, काच पुसायची राहिली."

"राहिली नाही," तो म्हणाला. "पुढच्या तारखेला फौजदाराला त्याच बाकावर बसायचंय."