सातशे एकोणचाळीस उरले तरी

मी एक जुनी संख्या आहे. वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मी राहते. १९९३ साली अनंता गुरुजींनी मला गणिताच्या एका मासिकातून उतरवून घेतलं आणि निळ्या ऑइलपेंटनं रंगवलं : ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

मित्रांनो, मी मूळ संख्या आहे. एक आणि मी स्वतः सोडून कोणत्याही संख्येनं मला भागा, बाकी उरतेच. शिवाय माझा उजवीकडचा शेवटचा अंक काढलात, तर उरते तीही मूळच. पुन्हा काढा, पुन्हा मूळच. अगदी एकटा सात उरेपर्यंत. आपल्या दशमान पद्धतीत हे जमणारी माझ्याहून मोठी संख्या नाही.

गुरुजींची बदली झाली आणि हे सांगणारं कोणी राहिलं नाही. माझ्या उजव्या टोकाला पत्रा गळू लागला. दोन-तीन पावसाळ्यांनी गिलाव्याबरोबर एखादा अंक पडे. २००५च्या उन्हाळ्यात मी ७३९ एवढीच उरले होते.

तेव्हा शाळा समितीच्या गुणाबाई चुन्याची बादली घेऊन आल्या.

"मोडका आकडा कशाला ठेवायचा? लग्नाचा मुहूर्त हाय का त्यो?"

सातवीतली सोमी आडवी आली. "काकी, त्याला भाग जात नाय. मी पाटीवर केलाय."

"पाटीवरचं मला कळत नाय. मोजून दाव. भाग गेला तर पुसणार."

सोमीनं घरून टोपलीभर भाजलेले चिंचोके आणले. गुणाबाईंनी स्वतः सातशे एकोणचाळीस मोजले. दोन-दोनच्या जोड्या लावल्या, एक उरला. मग तीन-तीनचे ढीग केले. एकही उरला नाही.

माझा रंगच उडाला. गुणाबाईंनी कुंचला उचलला.

"थांबा काकी. सात, तीन आणि नऊ, एकोणीस झाले. एकोणीसला तीन जात नाय, मग याला कसा जाईल? एक चिंचोका कमी हाय."

"म्हणजे तुझी बेरीज खरी अन् माझे चिंचोके खोटे?"

तेवढ्यात मागं कुडुम असा आवाज झाला. सोमीची धाकटी बहीण लहानी गाल फुगवून उभी होती.

"एकच खाल्ला गो," ती म्हणाली.

गुणाबाई हसत खालीच बसल्या. टोपलीतला एक चिंचोका त्यांनी ढिगात टाकला आणि लहानीला समोर बसवलं. पाच, सात, अकरा करत त्यांच्या तेवीसपर्यंत सगळ्या मूळ संख्यांच्या ओळी लावून झाल्या. त्यापुढे तपासायची गरज नव्हती, कारण अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस माझ्यापेक्षा जास्त होतात. दर वेळी काही ना काही उरलंच. तेवीसला तीन उरले.

"हट्टी हाय," गुणाबाई म्हणाल्या. "राहू दे." त्यांनी माझ्याभोवतीची भिंत चुन्यानं रंगवली आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून माझा तुटका काठ सिमेंटनं बांधून घेतला.

मित्रांनो, माझे पाच अंक गेले, पण मी तसूभरही कमी झालेली नाही. तुमच्या शाळेत काही अर्धंमुर्धं, झिजलेलं दिसलं, तर त्यातलं किती गेलं हे मोजत बसू नका. जे उरलंय त्याला आधी नीट तपासून बघा. मग त्याचा काठ बांधा.