मंगळवार-शुक्रवारची गंगामाई

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मागे मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीखालच्या दगडातून पाणी यायचं, तेही फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, अगदी देवीचे वार गाठून! शेजारी छत्रीखाली योगीराज गर्जत होते, "सुया फेका, गोळ्या फेका! स्वल्प तीर्थ घ्या, साखर, दमा, सगळं सरी, सगळं बरं!"

पण आज शुक्रवार असूनही दगड कोरडा ठणठणीत होता.

तेवढ्यात याच कार्यालयातली इंजिनिअर हेमलता आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मंगळवारीच तिचे वडील, आप्पाजी, गेले होते.

"हेमाक्का, सुतकात देवीपाशी कशाला आलीस गं?" शेजारच्या गंगव्वाने विचारलं.

योगीराजांना आयतंच सापडलं. "म्हणूनच माई रुसली! सुतकी सावली पडली!"

हेमलताने हातातली लांब लोखंडी चावी रस्त्यातल्या व्हॉल्व्हला लावली आणि जोर लावून फिरवली. थोड्याच वेळात दगडाखालून पाणी वाहू लागलं.

"आली बघा तुमची माई, सुतकी हातानं!" तिचा आवाज फाटला. "या भागाला पाणी मंगळवारी आणि शुक्रवारीच सोडतात. आज मीच व्हॉल्व्ह बंद ठेवला होता. तुमच्या नळाला येतं तेच हे पाणी. भिंतीखाली पाइप फुटलाय. खणायला आले, तर देवीवर कुदळ नको म्हणून तुम्हीच मला अडवलंत."

तिने चावी उलटी फिरवली. माई आटली. योगीराज छत्री मिटू लागले.

"आप्पाजींनी मला चोरून इन्सुलिन सोडलं," हेमलता म्हणाली. "दवाखान्यात मला म्हणतात, 'तुझ्या हापिसातली देवी, पोरी. तुझ्या बापाला दगा देईल व्हय?' माझ्यावरच्या विश्वासानं मेले हो ते!"

गंगव्वाने हातातली तीर्थाची बाटली मातीत ओतली.

"मी पण बीपीची गोळी सोडलीय गं," ती पुटपुटली.

"घरी जा अक्का. डॉक्टरला फोन कर, आजच. कुणी कितीही मोठा महाराज सांगू दे, डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी पाणी कुठून येतं ते विचारायचं."

गंगव्वा लगबगीने निघाली. हेमलता तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. एवढंच तिला आप्पाजींना सांगायचं होतं.