पट्ट्याचा सांधा

सुनेने मोबाइल गव्हाच्या डब्यावर उभा केला आणि रांगेतल्या बायकांना दटावून गप्प केलं. सासूने गिरणीचा खटका ओढला. दगड घरघरत थांबले आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या खोलीत थोरल्याचा आवाज आला.

“आई, पोचलो. काल उतरलो. जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत. काळजी करू नकोस. धाकट्यालाही पाठव, इथे कामाला तोटा नाही.”

तीन आठवडे त्या घरात कुणाच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता. निरोप संपला तशी सून हसतही होती आणि मनगटाने डोळेही पुसत होती. बायकांनी तो पुन्हा लावायला लावला.

“मागे ऐकू येतंय ना? यंत्रं चालू आहेत,” ती म्हणाली. “ह्यांना कारखान्यात लागलंय काम. गेल्या गेल्या!”

“नशीबवान आहेस बाई,” एकजण म्हणाली. “माझा भाऊ सहा महिने नुसता बसून होता तिकडे.”

गिरणीवालीचा जीव भांड्यात पडला. तिने गिरणी सुरू केली आणि कुणाचं दळण कुठलं ते विसरून भलत्याच डब्यात पीठ सोडलं. एरवी यावरून महाभारत झालं असतं. आज सगळ्या हसल्या.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून मामाची खोली होती. तो कुणाचाच मामा नव्हता, पण म्हणायचे सगळेच. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना तो ट्रकने किनाऱ्यापर्यंत न्यायचा आणि तिथून बोटीने पलीकडच्या देशात सोडायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने खोली भाड्याने मागितली तेव्हा तिनेच सांगितलं होतं, की गिरणीच्या आवाजाने डोकं उठेल तुमचं. “छे हो ताई,” तो म्हणाला होता, “गिरणी चालू असली की मला बरं वाटतं.” गोड बोलणारा माणूस. थोरला त्याच्याच भरवशावर गेला होता. आज दुपारच्या ट्रकने धाकटा जायचा होता. निघायच्या आधी मामा सगळ्यांना खोलीत बसवून नीट समजावून सांगायचा, म्हणून धाकटा तासाभरापूर्वीच पिशवी घेऊन मागे गेला होता.

रांग संपली. सून भाकऱ्या थापायला घरात गेली. गिरणीवालीने पुन्हा खटका ओढला आणि मोबाइल कानाला लावला. मघाशी एवढ्या बायकांत तिला पोराचा आवाज मनासारखा ऐकताच आला नव्हता.

आई, पोचलो. टक्. काल उतरलो. टक्.

तिने परत लावलं. मागच्या घरघरीत काहीतरी ठरावीक अंतराने आपटत होतं. तिचं बोट आपोआप डब्यावर तो ठेका धरू लागलं. सवयीचा ठेका होता तो. मग बोट थांबलं.

गिरणीचा जुना पट्टा मागे एकदा तुटला, तेव्हा थोरल्याने तो तारेने जोडला होता. नवा आण, ती म्हणत होती. वर्षभर आरामात जाईल, तो म्हणत होता. तारेचा तो सांधा दर फेऱ्याला पत्र्याच्या झाकणावर आपटायचा आणि ती दिवसभर थोरल्याच्या नावाने खडे फोडायची. थोरला गेला आणि दुसऱ्याच दिवशी पट्टा पुन्हा तुटला. तिने नवा बसवला. नव्याचा काही आवाज येत नव्हता. जुना खिळ्याला लटकत होता, तारेसकट. पोराच्या हातचं काम म्हणून तिला तो टाकवला नव्हता.

ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली. हा निरोप थोरला निघायच्या आधीचा होता, आणि याच भिंतीपलीकडे बसून तो बोलला होता. तीन आठवड्यांत त्याचं काय झालं, याचा त्यात एक शब्दही नव्हता.

गिरणी बंद होती, म्हणून भिंतीपलीकडचं बोलणं तिला ऐकू आलं. आवाज धाकट्याचा होता.

“आई, पोचलो. काल उतरलो. दादा पण आहे सोबत...”

“शाळेतला धडा वाचतोयस का?” मामा म्हणाला. “जरा आनंदाने बोल की.” मग भिंतीवर थाप पडली. “ताई, गिरणी का थांबवली? चालू करा ना. पाचच मिनिटं.”

तिने मोबाइल डब्यावर ठेवला. खटक्याला हात लावला नाही. मागच्या अंगाने वळसा घालून ती गेली आणि दार ढकललं. पाच-सहा जण भिंतीला टेकून बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. धाकट्याच्या एका हातात मामाचा मोबाइल होता, दुसऱ्या हातात लिहिलेला कागद.

“बाहेर चल,” ती म्हणाली.

“आई, तमाशा नको ना करूस.” धाकटा ओशाळला. “सगळेच असं बोलून ठेवतात. तिकडे गेल्यावर बरेच दिवस फोन लागत नाही. बोट पोचल्याचं कळलं, की मामा ज्याचा त्याचा निरोप पाठवतात.”

“आणि कळलंच नाही तर?”

धाकट्याने मामाकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनीच पाहिलं.

“ताई, निघताना असं अभद्र बोलू नये,” मामा म्हणाला. तो अजून हसत होता.

“थोरल्याला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर. गिरणी मी बंदच ठेवलीय.”

मामाने धाकट्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि खिशात टाकला.

तेवढ्यात पलीकडे गिरणीत चपलांचा आवाज झाला. शेजारच्या कुणीतरी बाई आल्या असाव्यात. सून त्यांना या, या म्हणत होती. मग भिंतीतून थोरल्याचा आवाज आला.

“आई, पोचलो.”

टक्.

धाकट्याने मान वर केली. तो ठेका लहानपणापासूनचा नसला, तरी त्याच्याही ओळखीचा होता. तार ओढायला त्या दिवशी पट्ट्याचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. त्याने कागद खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं.

“ऐकलंत?” पलीकडे सून सांगत होती. “यंत्रं चालू आहेत.”