मृणालची निळी बोटे

मित्रांनो, ओढले की लांब व्हायचे आणि सोडले की पुन्हा आक्रसायचे, असे माझे अंग होते. मी क्रेप बँडेज, मुरगळलेल्या पायांना आधार देणारी गव्हाळ रंगाची पट्टी. आज माझे दोन तुकडे झालेले आहेत. ते कसे झाले हे आठवले, की अजूनही माझा धागान् धागा शहारतो.

एका कारखान्यात सुताबरोबर रबराचे बारीक धागे विणून मला तयार केले गेले. दिल्लीत सरोजिनी नगरच्या एका केमिस्टकडून विनायकरावांनी मला घरी आणले. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. पत्नी सुनेत्रा आणि मुलगी मृणाल यांच्यासह लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. ऑफिसच्या बॅडमिंटन स्पर्धेत त्यांचा घोटा मुरगळला होता. मी त्याला आधार दिला, हळूहळू सूज उतरली आणि माझे कौतुक सुरू झाले. शेजारच्या भल्ला आंटींच्या मनगटालाही मी जाऊन आले. "जादू की पट्टी है आपकी!" असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

पुढे माझे काम पडेना. मला कोणीतरी उकळत्या पाण्यात धुतले, गच्चीवरच्या रणरणत्या उन्हात वाळत टाकले. माझ्यातले रबर मेले. हुक हरवले. एका हिवाळ्यात तर मला दोरीसारखे वापरून कूलरचे कव्हर बांधले होते. तरी मला टाकून कोणी दिले नाही. घरात बँडेज आहे, एवढ्या भरवशावर सगळे निर्धास्त होते.

मृणाल शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळायची. एका शनिवारी दुपारी सराव संपवून ती मेट्रोतून उतरली. पाय दुखत होते म्हणून तिने बूट पाठपिशवीत टाकून सपाट चपला घातल्या होत्या. बाहेरच्या फुटपाथची एक फरशी उखडलेली होती. तिचा पाय आत वळला आणि ती कोसळली. मैत्रिणीने तिला रिक्षातून घरी आणले.

"पप्पा, पाय टेकतच नाहीये. पडताना कट् असा आवाज आला," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मुरगळलाय गं नुसता. माझाही मुरगळला होता ना? परवा मॅच आहे, आत्ताच नीट केला पाहिजे."

सुनेत्राताई ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला गेलेल्या. विनायकराव मनातून घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाचे हात फार घाई करतात. त्यांनी मोहरीचे तेल गरम केले आणि सुजलेला घोटा चोळायला घेतला. मृणाल किंचाळली. मग त्यांनी मला शोधून काढले. माझ्यात ताण उरला नव्हता, म्हणून त्यांनी मला जिवाच्या आकांताने खेचले. वेढ्यावर वेढा, त्यावर वेढा, आणि शेवटी करकचून गाठ.

"पप्पा, बोटं झोपल्यासारखी वाटतायत."

"थोडं सहन कर, बेटा. टाईट असलं की सूज उतरते."

सूज उतरत नव्हती, मित्रांनो. ती माझ्या आत वाढत होती आणि मला सैल होता येत नव्हते. ज्या पायाला आधार द्यायचा, त्याचाच मी गळा आवळत होते. तिची बोटे आधी पांढरी पडली, मग गार झाली, मग जांभळट निळी. मला ओरडायला तोंड नव्हते.

तेवढ्यात सुनेत्राताईंचा व्हिडिओ कॉल आला. "बघू पाय," त्या म्हणाल्या आणि स्क्रीनजवळ वाकल्या. मग त्या ओरडल्या, "विनायक, तिची बोटं बघ! सोड ती पट्टी! आत्ताच्या आत्ता!"

विनायकरावांनी बोटाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. इतके ते गार होते. गाठ सुटेना. त्यांनी कात्री आणली. कात्री माझ्यातून आरपार गेली. मला दुखले नाही. पहिल्यांदाच मोकळे वाटले. हळूहळू बोटांवर लाली परतली, तसे विनायकराव तिथेच जमिनीवर बसले आणि रडू लागले.

दवाखान्यात माझे तुकडे त्यांच्या खिशातच होते. एक्सरे पाहून डॉक्टर म्हणाले, "मोच नहीं है सिर्फ, हड्डी में क्रैक है. चार कदम भी नहीं चल पाई, और यहाँ हड्डी दबाने से दर्द है. ऐसे में घर पर इलाज नहीं, सीधे एक्सरे."

"और मैंने तो मालिश कर दी," विनायकराव पुटपुटले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. पाय नुसता मुरगळलेला असला तरी सुरुवातीला चोळायचे नाही, शेकायचे नाही. विश्रांती घ्यायची, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावायचा, पाय उशांवर उंच ठेवायचा. पट्टी बांधायची ती आतून बोट सरकेल इतकी. पायाची बोटे उघडी ठेवायची आणि पुन्हा पुन्हा पाहायची. मुंग्या आल्या, बोटे गार किंवा निळी पडली, की पट्टी लगेच सोडायची.

मॅच हुकली. प्लास्टर निघाल्यावर मृणाल भिंतीला हात टेकून एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम करू लागली. दुबळा घोटा पुन्हा वळू नये, म्हणून. विनायकरावही तिच्या शेजारी डुगडुगत उभे राहायचे आणि ती हसायची, "पप्पा, यार, तुम्ही तर पडाल!"

आज सफाईच्या वेळी मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी माझे दोन्ही तुकडे उचलले.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, आम्हाला जपा, टाकू नका. माझी विनवणी वेगळी आहे. माझ्यासारखी ताण गेलेली पट्टी घरात असेल, तर तिला आजच निरोप द्या. आणि घरातले कोणी "बोटं झोपली" म्हणाले, तर त्याला सहन करायला सांगू नका. आधी गाठ सोडा.

विनायकरावांनी कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले आहे. मी आनंदाने जाते.