मुद्दाम बिघडवलेला पेपर

इझेल क्रेनशॉ मुळातच मंदबुद्धी होता, असं लिहून आलंय. छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी. शब्द जरा सभ्य वापरलेत, 'मूळ बौद्धिक पातळी सरासरीपेक्षा बरीच खाली', पण अर्थ तोच. लिहिणाऱ्यांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नसावं. आणि पाहूनही लिहिलं असेल, तर मग त्यांना लाजच नाही.

मी थर्मन टॉलिव्हर. इझेलच्या पुढे सात हंगाम उभा राहिलो. खेळ अमेरिकन फुटबॉल, माझी जागा बचावफळीच्या मधोमध, चेंडूच्या समोर, समोरच्याच्या नाकाला नाक लावून. माझं काम एवढंच, की दोन धिप्पाड माणसं अंगावर घ्यायची, म्हणजे मागून इझेल मोकळा सुटायचा आणि चेंडूवाल्याला आडवा करायचा. पेपरात नाव त्याचं, कंबर माझी गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्याच्याइतकं डोकं मला नव्हतंच.

इझेल लाइनबॅकर, बचावफळीच्या मागे उभा राहणारा. लाइनबॅकर म्हणजे नुसता धडका मारणारा बैल, असं टीव्हीसमोर चिप्स खाणाऱ्यांना वाटतं. अरे, कसला बैल? बचावाचा सगळा कारभार त्याच्या डोक्यावर चालतो. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या एकट्याच्या हेल्मेटात येतो. समोरचे कसे उभे राहिलेत हे बघून पाच-सात सेकंदांत दहा माणसांना जागा सांगायच्या, आणि ते हलले की सगळं बदलायचं. आमची चालींची वही चारशे पानांची होती. मला ती शेवटपर्यंत नीट पाठ झाली नाही. इझेल बावीस वर्षांचा, अलाबामातल्या प्रिचर्ड या गरीब, काळ्या लोकांच्या गावातून आलेला, त्यानं ती नऊ दिवसांत घोटली आणि दहाव्या दिवशी सहायक प्रशिक्षकाची चूक काढली. तीसुद्धा "सर, माफ करा" म्हणत.

आता त्याच उन्हाळ्यात मी काय केलं ते सांगतो.

सराव शिबिराच्या पहिल्या आठवड्यात एक परीक्षा असते. संगणकासमोर बसायचं. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, नंतर विचारतात काय काय पाहिलंत. ही तुमची पहिली नोंद. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत घेतात. गुण पहिल्यापेक्षा घसरले, तर घरी बसा. दोन आठवडे घरी बसलात की तुमच्या जागेवर दुसरा कोणीतरी उभा, आणि तो काही परत देत नाही. म्हणून आमच्यात रीतच होती. पहिला पेपर मुद्दाम बिघडवायचा. जुन्यांनी नव्यांना सांगायचं. मला एकानं सांगितलं होतं, मी इझेलला सांगितलं, नाश्त्याच्या टेबलावर, अंडी खाता खाता.

त्याला ते पटेना. म्हणाला, "टॉली, मी आयुष्यात पेपर मुद्दाम चुकवला नाही. आईला कळलं तर ती प्रिचर्डहून चालत येईल मला मारायला."

"आईला कोण सांगतंय?" मी म्हटलं. "शहाणपणा तिकडे मैदानावर दाखव. इथे ठोंब्या हो."

आणि पठ्ठ्या झाला ना ठोंब्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, ओठ चावून हसू दाबत, एकेक उत्तर शोधून शोधून चुकवलं त्यानं. बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं चुकता येत नाही, हे कोणालाही कळलं असतं. आणि कळलंही होतं. आमच्या टीमचा फिजिओ निकालाचा कागद बघून म्हणाला होता, "क्रेनशॉ, असाच अडाणी राहा, खूप वर्षं खेळशील." सगळे हसले. क्लबमध्ये वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ही रीत ठाऊक होती, आणि ती सगळ्यांच्याच सोयीची होती.

इझेल नऊ हंगाम खेळला. एका सामन्यात डोक्याला मार बसून पडला, उठला तो थेट विरोधी टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, त्यांची चाल ऐकायला. मी जर्सीला धरून त्याला ओढत आणला. सोमवारी परीक्षा घेतली, तर पहिल्या दिवसापेक्षा चार गुण जास्त! आम्ही पोट धरून हसलो. रविवारी परत मैदानात. असं चारदा झालं. मोजलेलं चारदा. न मोजलेलं मला विचारू नका.

आज तो बेचाळीस वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यानं गॅसवर तेल ठेवलं आणि घरातून निघून गेला. त्याची बायको रमोना स्कूलबसच्या ऑफिसात कामाला आहे. शेजाऱ्यांचा फोन आला म्हणून ती धावली. घर वाचलं. इझेल सापडला महामार्गाच्या कडेला, पायात बूट नाहीत, नुसते मोजे. तिला नोकरी सोडता येत नाही, कारण औषधपाण्याचा विमा त्या नोकरीवर आहे, आणि त्याला एकट्याला ठेवता येत नाही. म्हणून तिनं खेळाडूंच्या मदतनिधीकडे अर्ज केला. मागितलं काय? दिवसा घरी थांबणारा एक माणूस. बंगला नाही मागितला बाईनं.

त्याचं हे उत्तर. रविवारी चर्चमधून आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात तळलेला मासा ठेवला आणि तो कागद वाचून दाखवला. पहिल्या नोंदीशी तुलना करता लक्षणीय घसरण आढळत नाही. म्हणजे आज त्याला आपल्या धाकट्या मुलीचं नाव आठवत नाही, कारण त्याला कधी काही आठवतच नव्हतं.

"प्रिचर्डचा पोरगा ना," रमोना म्हणाली. "त्यांना नवल सुद्धा वाटलं नाही, टॉली. एकालाही वाटलं नाही की बाबा, हा माणूस दहा जणांना कसा चालवत होता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथेच थिजली. कारण तो पहिला पेपर कोणी बिघडवायला लावला हे त्या स्वयंपाकघरात मला एकट्यालाच माहीत होतं. मासा तसाच राहिला. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्यापुढची ताटली उचलली, सिंकमध्ये ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, "लिहून दे."

लिहून देणं सोपं नव्हतं. मी एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवतो, म्हणजे शिकवत होतो. त्या पोरांचीही तीच परीक्षा असते. मी डोक्याच्या परीक्षेत लबाडी शिकवली असं माझ्या सहीनं लिहून दिल्यावर कुठला मुख्याध्यापक मला ठेवणार? शिवाय माझाही पहिला पेपर तसाच बिघडवलेला. उद्या मलाच गरज पडली तर? खोटं कशाला बोलू, मी अकरा दिवस घालवले. रमोनानं एकदाही फोन केला नाही. बाराव्या दिवशी लिहून दिलं. त्या फिजिओला मी सहा निरोप ठेवले, की तूही एक ओळ लिही. त्या माणसानं फोन उचलला नाही. सोनेरी घड्याळ देऊन निरोप दिला होता त्याला क्लबनं, तो कशाला उचलतोय?

माझ्या पत्रावरून मिळालेली फेरतपासणी अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, तीन जण समिती, निधीचा एक वकील. मधोमध डॉक्टर हॅल्स्टेड म्हणून बाई, चष्मा साखळीला लावलेला. इझेलला रमोनानं राखाडी सूट घालून आणलं होतं. तो सगळ्यांशी हात मिळवत होता, अगदी पाणी ठेवायला आलेल्या मुलीशीही.

वकील माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा. त्यानं माझं पत्र दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "मिस्टर टॉलिव्हर, म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं वागलात. मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

"कारण तेव्हा फायदा होता आणि आज नुकसान आहे," मी म्हटलं.

"मित्राचा फायदा आहे की."

मग त्यानं इझेललाच विचारलं, की तुम्ही तो पेपर मुद्दाम चुकवला होता का. इझेलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, सांग म्हटलं, बाबा सांग. तो सरळ बसला आणि म्हणाला, "नाही सर. टॉलीनं मला असलं काही कधी सांगितलं नाही. टॉली चांगला माणूस आहे." मला वाचवत होता तो. मुलीचं नाव त्याला सापडत नव्हतं, पण आपल्या माणसाचं गुपित कोटवाल्याला सांगायचं नाही, हे पक्कं होतं.

वकिलानं हात पसरले. रमोनानं डोळे मिटून घेतले. आणि माझं डोकं फिरलं.

मी उठलो. खुर्ची पडली मागे. म्हटलं, हा मंद होता काय? थांबा, दाखवतो. आणि इझेलकडे वळून, मैदानावर ओरडायचो तसा ओरडलो, "तिसरा डाव, दोन यार्ड. मागे दोघं. उजवीकडे जादा माणूस."

इझेल उभा राहिला. गुडघे वाकले, हात वर आले. आवाज असा आला की बाटल्या थरथरल्या. "टॉली, डावीकडे सरक, अर्धं पाऊल. कोपऱ्यातल्या, आत ये. बघू नका त्या हलणाऱ्याकडे, तो नुसता नाचतोय. चेंडू उजवीकडून येणार, माझ्याकडे येणार."

मी दुसरी मांडणी दिली. त्यानं उत्तर दिलं. तिसरी दिली. मध्येच मी एक माणूस इकडचा तिकडे केला, तर त्यानं सगळी रचना फिरवली, आणि माझं चुकलेलं पाऊलही सांगितलं. वीस वर्षांपूर्वीच्या वहीतलं एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझी छाती भरून आली होती. म्हटलं, बोला आता. लिहा आता मंद.

डॉक्टर हॅल्स्टेड खरंच लिहीत होत्या. भराभर लिहीत होत्या.

"दीर्घकालीन स्मरणशक्ती उत्तम," त्या शेजारच्याला म्हणाल्या. "सूचना समजतात. प्रतिसादही जलद."

मला दोन क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, बाई, त्याला विचारा आज सकाळी काय खाल्लं. विचारा हे शहर कुठलं. विचारा मुली किती. ही वही त्याच्या हाडात गेलीय, तिच्याभोवतीचं सगळं पुसलंय. त्या म्हणाल्या, ठरलेल्या चाचण्या आधीच झाल्या आहेत, त्यांचे निकाल फाइलमध्ये आहेत, आणि बाहेर पुढचे लोक थांबलेत. तो हुशार होता हे सिद्ध केलं तर तो आजही हुशार, नाही केलं तर तो मुळातच ठोंब्या. कुठूनही या, दार बंदच. असले नियम बसून कोणी लिहिले, आणि लिहून झाल्यावर ते जेवले कसे, हे मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

इझेलच्या कपाळावर घाम होता. चेहरा नुसता फुलला होता. त्यानं टेबलावर ओणवं होत विचारलं, "मॅडम, पास झालो ना?"

"फारच छान, मिस्टर क्रेनशॉ," त्या हसून म्हणाल्या.

पार्किंगमध्ये रमोनानं त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, दार लोटलं. मग माझ्यापाशी आली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "अकरा वर्षांत मी त्याला आज पहिल्यांदा तसा पाहिला. त्याबद्दल तुला काही बोलवत नाही, टॉली. आणि त्या खेळामुळेच आपला अर्ज गेला. तेही विसरता येणार नाही."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. अर्जदाराची स्मरणशक्ती समितीनं स्वतः पाहिली. साक्षीदार स्वतःच्याच कबुलीनुसार अविश्वसनीय. त्याच आठवड्यात शाळेनं मला बोलावलं. मुख्याध्यापक भला माणूस, त्यानं कॉफी दिली आणि मग काढलं.

तेव्हा आता मी सकाळी साडेसातला रमोनाच्या दारात असतो. ती बसच्या ऑफिसला जाते, मी थांबतो. त्याची दाढी करून देतो, गॅसची चावी खिशात ठेवतो, दुपारी आळीत फिरवून आणतो. निधीवाल्यांचं काम फुकटात होतंय, आणि त्यांच्या दृष्टीनं तर इथे कामच नाही. मी दर महिन्याला त्यांना एक पत्र लिहितो. त्यात पूर्वी 'महोदय' लिहायचो, आता तेही सोडलंय.

इझेलला त्या हॉटेलातलं बाकी काही आठवत नाही, पण आपण कसलीशी परीक्षा दिली एवढं कुठेतरी अडकून बसलंय. रोज, दाढीचा साबण गालाला लावला की तो आरशातून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "टॉली, निकाल आला का?"

"आला," मी सांगतो. "पास झालास."

तो खूश होतो आणि हनुवटी वर करतो. मी वस्तरा फिरवतो. मी त्याला खोटं सांगत नाही. त्यांनी त्याला पासच केलंय.