पुलावरचा पहारेकरी

"अहो, सूनबाईंना सांगा ते बंद करायला! कान किटले," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीतून गोळ्यांचा धडाका चालू होता. सासूबाईंचा चेहरा उतरला. मारधाडीच्या व्हिडिओ गेमच्या पाकिटावर, सिगारेटच्या असतो तसा, 'प्रकृतीला अपायकारक' असा इशारा हवा की नको, यावर सध्या घरोघरी जुंपत होती. हवाच म्हणणाऱ्या बायकांची बैठक आज त्यांच्याच घरी, आणि दिव्याखाली हा अंधार!

"छापून काय होतंय?" एक जण कुजबुजली. "आमचे हे तो इशारा वाचत वाचतच सिगारेट पेटवतात."

"पेटवू देत. पण कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला तोंड राहणार नाही," सासूबाई फटकन म्हणाल्या. "आणि आमच्याकडचं ते खेळाचं खोकं आजच भंगारात जातंय. तुमच्यादेखत बाहेर आणते, बघा."

त्या तरातरा उठल्या. मुलगा जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. दवाखान्यात गेला, जाताना एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून सून कामावरून आली की दार लोटून त्या पडद्यापुढे बसायची. ना जेवणाची शुद्ध, ना झोपेची. नवऱ्यामागे बाई खेळ खेळते! लोकांनी तोंडात शेण घालायचंच काय ते बाकी होतं.

त्यांनी दार ढकललं. सून पाठमोरी बसली होती. पडद्यावर एक पूल, पुलावर पहारेकरी. तिने बटण दाबलं. पहारेकरी किंचाळून कोसळला.

वायर उपटायला गेलेला सासूबाईंचा हात जागीच राहिला. किंकाळी शेवटाला जराशी चिरकली होती. लहानपणी मुलाचं बोट दारात चेमटलं, तेव्हा त्याची अशीच चिरकली होती.

"हा आवाज कुणाचा गं?"

"त्यांचाच, आई," सून मान न वळवता म्हणाली. "स्टुडिओत हेच काम होतं त्यांचं. पडद्यावर माणूस मेला की किंकाळी यांची. तुम्ही चारचौघांत मुलगा गायक आहे म्हणून मिरवायचात, म्हणून बोलले नाहीत कधी."

"दुसरं काही बोलत नाही का तो? साधं, नेहमीचं?"

"नाही. मारलं तरच आवाज येतो."

बाहेरून हाक आली, "अहो, अर्जावर सही राहिली तुमची! आणि खोकं आणताय ना?"

सासूबाई दारात आल्या. आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"सही करते. खुशाल छापा, मोठ्या अक्षरांत छापा. खोकं मिळायचं नाही. माझा मुलगा आहे त्यात." त्यांनी पुढे होऊन अर्जावर सही केली. "गायक नव्हता तो."

त्या आत वळल्या. त्यांनी दार लावून घेतलं.

पहारेकरी पुन्हा उभा राहिला होता. सुनेचं बोट बटणाकडे गेलं. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"आता नको. घसा बसेल त्याचा."

दोघी पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो जात होता, वळत होता, तोंड मिटून परत येत होता.